कोर्लईच्या नो लिंगसाठी आवाज, कागद, वेळ आणि निधी यांचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोर्लईचा किल्ला पाहायला बाराही महिने लोक येतात. रेवदंड्याचा पूल ओलांडायचा, साळावहून मुरूडचा रस्ता धरायचा, दीपगृहापर्यंत गाडी न्यायची आणि तेथून पायऱ्या चढायच्या, असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. वर पोहोचल्यावर पोर्तुगीज शिलालेखांची छायाचित्रे निघतात, पडक्या चर्चच्या भिंतींशी थोडा वेळ जातो आणि ऊन कलण्याच्या आत मंडळी उतरतात. ज्या भाषेची अक्षरे दगडावर पाहण्यासाठी एवढी चढण चढली, तिच्याच पोटी जन्मलेली एक बोली खालच्या गावात स्वयंपाकघरांतून आणि शेताच्या बांधांवरून अजून ऐकू येते, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या बोलीसाठी हे आवाहन आहे.

बोलीचे नाव नो लिंग. 'नो' म्हणजे आपली आणि 'लिंग' म्हणजे भाषा. पोर्तुगीजमधले 'नॉसा लिंग्वा' झिजत झिजत इथवर आले. मराठी कानाला हे नाव ऐकून हसू येते याची आम्हाला पुरती कल्पना आहे, आणि शाळेत त्यावरून चेष्टा सोसावी लागली नाही असे सांगणारा माणूस आमच्यात शोधूनही सापडणार नाही. अभ्यासक तिला कोर्लई पोर्तुगीज किंवा क्रिस्ती म्हणतात. ती बोलणारे आज साधारण आठशे ते हजार लोक आहेत आणि ते जवळपास सगळे या एका गावचे, किंवा येथून पोटापाण्यासाठी बाहेर गेलेले आहेत. हे आवाहन करणारी आमची समिती गावातील काही ख्रिस्ती कुटुंबांची आणि रेवदंडा-चौल परिसरातील काही शिक्षक व वाचनप्रेमी स्नेह्यांची मिळून झालेली आहे. त्यात आमचे कोळी शेजारीही आहेत, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो.

ही बोली येथे कशी आली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी 1521 साली चौलला आपले ठाणे उभारण्यास सुरुवात केली, आणि 1594 मध्ये खाडीच्या अलीकडच्या डोंगरावरचा, म्हणजे कोर्लईचा, निजामशाही किल्ला जिंकून घेतला. या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत पोर्तुगीज शिपाई, त्यांनी येथे मांडलेले संसार, धर्मांतर केलेली स्थानिक कुटुंबे, आणि चाकरीत किंवा गुलामीत राबणारी माणसे यांना एकमेकांशी बोलण्यासाठी जी भाषा लागली, ती त्यांची त्यांनीच घडवली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. ज्यांना जाणे परवडण्यासारखे होते ते गेले. ज्यांच्याकडे ना गलबत होते ना गोव्यात कोणी आप्त, अशी गरीब कुटुंबे मागे राहिली आणि कोर्लईत एकवटली. आम्ही त्यांचे वंशज.

म्हणूनच, परकीय राजवटीच्या खुणा कशाला जपायच्या, असा प्रश्न कोणी विचारला, आणि तो विचारला जातो, तर आमचे उत्तर साधे आहे. राजवट 1740 साली निघून गेली आणि जाताना तिने आम्हाला बरोबर नेले नाही. त्यानंतरची पावणेतीनशे वर्षे ही भाषा शेतात राबणाऱ्या माणसांनी, कोणाचाही आश्रय नसताना, मराठीच्या मांडीवर बसून सांभाळली आहे.

मराठीच्या मांडीवर, हे शब्द आम्ही विचारपूर्वक वापरत आहोत. पाव, बटाटा, चावी, बादली, घमेले, पगार, लिलाव, तुरुंग हे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेले असते. मात्र उलट दिशेचा व्यवहार किती खोल होता, हे कोर्लईत आल्याशिवाय कळत नाही. नो लिंगमधले बहुतेक शब्द पोर्तुगीज वंशाचे आहेत, पण वाक्य मांडले जाते ते मराठीसारखे. आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद. लिस्बनमध्ये कर्मापूर्वी येणारे क्रियापद कोर्लईत शेवटी येऊन बसले आहे. मराठी क्रियापदे तर या बोलीने इतकी उचलली की त्यांच्यासाठी तिने एक स्वतंत्र वर्गच तयार केला: पोर्तुगीजमधून आलेल्या क्रियापदांच्या शेवटी आ, ए किंवा इ असतो, तर मराठीतून आलेल्याला उ लागतो. म्हणजे एखादे क्रियापद कोणत्या घरातून आले, हे त्याच्या शेवटच्या स्वरावरून ओळखता येते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या घडणीचा सखोल अभ्यास करून 1996 साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. तो जगभरच्या विद्यापीठांत वाचला जातो. आमच्या गावातल्या मुलांच्या हाती मात्र त्यांच्या आजीच्या भाषेतले, देवनागरीत छापलेले एक पानही नाही, आणि ही उणीव परदेशी विद्वानाने भरून काढावी अशी अपेक्षा धरणे योग्य नाही.

आता एक अडचणीची गोष्ट प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती लपवून मागितलेली मदत आम्हाला नको आहे. ही बोली टिकली ती केवळ आमच्या पूर्वजांच्या प्रेमामुळे नाही. धर्म वेगळा असल्यामुळे हिंदू शेजाऱ्यांशी सोयरीक होत नव्हती, आणि जातीमुळे इतर ख्रिस्ती समाजांशीही होत नव्हती. त्यात मध्ये खाडी. लग्ने गावातल्या गावात झाली, भाषा घरातल्या घरात राहिली. पूल झाला, मुरूड-अलिबागच्या एसट्या सुरू झाल्या, शिक्षण आणि नोकऱ्या आल्या, बाहेरच्या मुली सुना म्हणून घरात आल्या, आणि ते कोंडलेपण सुटले. ते सुटले याचा आम्हाला आनंदच आहे. भाषा जगावी म्हणून माणसांनी पुन्हा तसे कोंडून राहावे, असे आमच्यातला कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्या भिंतींनी बोलीला आडोसा दिला त्या पडल्यावर तिला उभे राहण्यासाठी दुसरे काही तरी लागेल, आणि ते जाणूनबुजून उभारावे लागेल. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकभाषेत आली तेव्हा आमच्या चर्चमध्ये ती मराठीत आली. शाळा मराठी माध्यमाची, आणि अलीकडे कल इंग्रजीकडे. सूनबाईला नो लिंग येत नाही म्हणून घरातले सगळेच मराठीत बोलतात, यात दोष कोणाचाच नाही. नातवंडांना बोली समजते, पण ती उत्तर मराठीत देतात. भाषा जाण्याची सुरुवात बहुधा अशीच, कोणाच्या लक्षात न येता होते.

पुढे काय होते हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. वांद्रे, ठाणे, वसई या पट्ट्यात कोर्लईच्या बोलीच्या बहिणी एके काळी बोलल्या जात. गोव्यात जन्मलेले सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी 1906 साली त्या उत्तरेकडील बोलीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून निदान तिचे वर्णन तरी उरले. बोलणारे उरले नाहीत. केरळात कोचीजवळच्या वायपीन येथे पोर्तुगीज क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज आणि स्थानिक भाषांच्या मिश्रणातून घडलेली बोली, अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ, विल्यम रोझारियो, ऑगस्ट 2010 मध्ये वारले. दमण आणि दीव येथील बोली अजून आहेत.

आग्नेय आशियातले चित्र थोडे आशादायक आहे. पोर्तुगीजांनी 1511 मध्ये जिंकलेल्या मलाक्कात युरोपीय-आशियाई संसारांतून क्रिस्तांग ही भाषा घडली, आणि ती बोलणारे युरेशियन लोक पुढे सिंगापूरलाही गेले. चिनी, मलय, भारतीय आणि 'इतर' अशी माणसांची वर्गवारी करणाऱ्या त्या देशात युरेशियनांची गणना 'इतर' या रकान्यात होते. तरीही 1919 पासून त्यांची स्वतःची संस्था आहे, आणि 2016 पासून तेथील तरुणांनी क्रिस्तांगचे मोफत वर्ग चालवून, विसरलेल्या शब्दांच्या जागी नवे शब्द घडवून, 2017 मध्ये चक्क एक भाषा-महोत्सव भरवला. आपल्या जनगणनेतही दहा हजारांपेक्षा कमी भाषकांच्या भाषा 1971 पासून स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. त्यांची बेरीज 'इतर' मध्येच जाते. त्यामुळे सरकारी कागदावर नो लिंग कोठेही दिसत नाही. संविधानाच्या 29व्या कलमाने आपली वेगळी भाषा व संस्कृती जतन करण्याचा हक्क प्रत्येक समाजाला दिला आहे. तो बजावण्याचे कष्ट अर्थातच ज्याचे त्याला घ्यावे लागतात.

आणि आमच्या या किनाऱ्याला 'इतर' काही नवे नाहीत. याच मुरूड तालुक्यात जंजिऱ्याच्या सिद्दींनी राज्य केले. पलीकडे रेवदंड्यात बेने इस्रायलांचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. त्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावोगाव शनिवार तेली म्हणत. कोळी, आगरी, माळी, कोकणी मुसलमान हे सगळे एकाच बाजारात पिढ्यान्‌पिढ्या भेटत आले. बेने इस्रायल इस्रायलला गेल्यावर त्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. दूर देशी मराठी जपणाऱ्यांचे आपण कौतुक करतो, तर मराठी मुलखात राहून मराठीच्याच वळणाने बोलणाऱ्या एका बोलीकडेही आपण त्याच मायेने पाहाल, असा आमचा विश्वास आहे.

आमचे काम तीन भागांत आहे, आणि त्यांत पहिला सर्वांत तातडीचा आहे. सत्तरीच्या पुढच्या मंडळींचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे आहे: गोष्टी, लग्नातली गाणी, प्रार्थना, शेतीची आणि स्वयंपाकाची नावे, भांडणातले शब्द, अगदी शिव्यासुद्धा. पहिल्या टप्प्यात चाळीस तासांचे मुद्रण करून त्याचे देवनागरीत लेखन व मराठी भाषांतर करावे, असा संकल्प आहे. त्यासाठी चांगले ध्वनिमुद्रण यंत्र, माहिती दोन ठिकाणी सुरक्षित राहील अशी साठवण, आणि लेखन करणाऱ्या गावातल्याच तरुण-तरुणींना मानधन लागेल. मानधनाबाबत आम्ही आग्रही आहोत, कारण समाजकार्य म्हणून फुकट राबवलेली मुले चार महिन्यांनी गळतात, हा सगळ्याच गावांचा अनुभव आहे. दुसरे काम म्हणजे सुमारे हजार शब्दांचा सचित्र देवनागरी शब्दसंग्रह छापणे. पाचशे प्रती पुरतील, आणि त्यांतली एकेक प्रत आधी प्रत्येक बोलत्या घरात जाईल. तिसरे, रविवारी मिस्सेनंतर मुलांचा एक तासाचा वर्ग, ज्यात शिकवणाऱ्या आज्या असतील. गावात राहणाऱ्या कोणत्याही धर्माच्या मुलाला त्यात बसता येईल. बाजारात आणि शेजारात ऐकून काही कोळी मुलांना ही बोली आधीच थोडीफार कळते, आणि त्यांचे उच्चार कधी कधी आमच्या मुलांपेक्षा बरे असतात.

या कामी पैशाइतकीच किंमत दुसऱ्या मदतीची आहे. मुंबई, ठाणे, वसई, पुणे, गोवा किंवा आखातात असलेल्या कोर्लईकरांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचे बोलणे फोनवर मुद्रित करून पाठवले, तर ते आम्हाला अमूल्य वाटेल. जुने फोटो, लग्नाच्या पत्रिका, बाप्तिस्म्याचे दाखले, प्रार्थनेच्या वह्या कोणाच्या ट्रंकेत पडून असतील, तर त्यांची प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत केले जातील. मराठी, पोर्तुगीज किंवा कोकणी जाणणारे अभ्यासक, ध्वनिमुद्रणाची जाण असलेले तंत्रज्ञ, चित्रकार आणि मुद्रितशोधक यांनी आठवड्यातले दोन तास दिले तरी काम पुढे सरकेल.

ज्यांना निधी द्यायचा आहे त्यांनी रक्कम मोठी की लहान याचा संकोच करू नये. रोख रक्कम मात्र आम्ही घेणार नाही. देणगी बँकेतूनच द्यावी आणि पावती अवश्य मागून घ्यावी. दर तीन महिन्यांचा जमाखर्च माउंट कार्मेल माउलीच्या चर्चच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जाईल. देणगीदाराचे नाव शब्दसंग्रहात छापू, पण मुखपृष्ठावर नाही. मुद्रित केलेला प्रत्येक आवाज ज्याचा आहे त्याच्या लेखी संमतीनेच इतरांना ऐकवला जाईल, आणि एखाद्या आजीने नंतर 'हे गाळा' म्हटले तर ते गाळले जाईल, ही अट कोणत्याही देणगीसाठी शिथिल होणार नाही.

एक विनंती मात्र हात जोडून करतो. आमच्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभे करून 'जरा पोर्तुगीज बोलून दाखवा' असे म्हणू नये. ते पोर्तुगीज नाहीत आणि त्यांना पोर्तुगीज येत नाही. त्यांच्याशी मराठीत गप्पा माराव्यात. चहा होईपर्यंत घरातली दोन माणसे आपसांत नो लिंगमध्ये बोलू लागतील, आणि तेच खरे ऐकण्यासारखे असते.

भाताची लावणी आटोपल्यावर गणपतीपासून नाताळापर्यंतचा काळ आम्ही मुद्रणासाठी धरला आहे. येऊ इच्छिणाऱ्यांनी रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात समितीच्या सदस्यांना भेटावे. दुपारी एक ते चार या वेळेत मात्र कोणाच्या घरी जाऊ नये. ज्यांचे बोलणे आपल्याला ऐकायचे आहे, ती मंडळी तेव्हा झोपलेली असतात.

आपले नम्र,
समितीचे सर्व सदस्य
कोर्लई, ता. मुरूड, जि. रायगड