सही आधी आणि नकाशा नंतर?

माननीय संपादक,
स. न.

आमच्या वस्तीत महिनाभर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या संमतीपत्रांवर सह्या घेणं चालू आहे. मी नव्या घराचा नकाशा मागितला, तर ‘आधी सही करा, नकाशा ऑफिसात बघा’ असं उत्तर मिळालं. ऑफिसात गेले, तिथे भिंतीवर इमारतीचं रंगीत चित्र. माझं शिलाई मशीन कुठे बसेल, लिफ्टचं बिल कोण भरणार, बाराव्या मजल्यावर ब्लाउज शिवून घ्यायला कोण येणार, हे सांगायला कुणी तयार नाही.

योजनेत 300 चौरस फुटांचं घर मिळतं. ते कुणाला नको आहे? पण आपल्या पुण्यातच येरवड्याला 2009 नंतर वेगळ्या पद्धतीनं काम झालं. केंद्राच्या नेहरू नागरी योजनेचा पैसा, महापालिका, स्पार्क व महिला मिलन या वस्त्यांत काम करणाऱ्या संस्था आणि वास्तुविशारद प्रसन्न देसाई. पक्की घरं ठेवली, कच्ची तेवढी पाडली. त्याच बोळात, त्याच शेजारात 270 चौरस फुटांची घरं बांधली. 10 टक्के वाटा कुटुंबांनी उचलला. एकच साचा सगळ्यांच्या माथी मारला नाही. एका आराखड्यात तर तळ मोकळा सोडला, पुढेमागे दुकान टाकायचं किंवा खोली वाढवायची तर सोय असावी म्हणून. बोळ अजून अरुंदच आहेत, हे खरं. पण शेजार मोडला नाही.

महिला मिलनची सुरुवात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी केली. 1980च्या दशकात आपल्या घराचा आराखडा करताना त्यांनी साडी लावून उंची मोजली होती. पोटमाळा बसेल इतकी उंची हवी, हे त्यांनीच सांगितलं. ते इंजिनिअरला कसं सुचावं?

पुणे महापालिका 2006पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते. रस्त्यावरच्या दिव्याबद्दल आम्हाला विचारलं जातं, मग ज्या घरात जन्म काढायचा त्याबद्दल का नाही?

सह्या थांबवा. नकाशा मराठीत समाजमंदिरात लावा. बाहेरच्या पटांगणात खडूनं 300 चौरस फूट आखून द्या. आणि हे रविवारी संध्याकाळी करा. बाकी दिवस आमच्या बायका धुण्याभांड्याच्या कामाला असतात. मी माझं मशीन उचलून आणीन, त्या रेघांच्या आत ठेवून बघीन आणि मग सहीचं बोलू.

— एक शिवणकाम करणारी वाचक, पुणे