बाबा, बँकेत जाऊ नका

आई, बाबा,

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, गाडीत पेट्या चढवणं चालू होतं आणि बाबा तुम्ही एकदम म्हणलात की सातबाऱ्यावर कर्ज काढतो, तू स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घे नि भाड्यानं दे, दुसऱ्याच्या दुकानात किती दिवस राबतो. रात्रभर तेच डोक्यात. म्हणून मोबाईलवर लिहायलो. आई, तूच वाचून दाखव, बाबांना चष्मा सापडणार नाही.

आपलं मळणी यंत्र आठवा बाबा. पहिले तीन सीझन लोक नंबर लावायचे, मग हार्वेस्टर आले नि ते लिंबाखाली उभं राहिलं, हप्ते मात्र चालूच. कॅमेऱ्याचं डिट्टो तसंच. अ‍ॅरी म्हणून जर्मन कंपनी आहे, तिचा अलेक्सा २०१० ला आला, २०१५ ला अलेक्सा मिनी, २०२२ ला अलेक्सा ३५. नवा आला की मोठे कॅमेरामन तोच मागतात. जुना बिघडत नाही, आमच्याकडची मिनी अजून झकास पिक्चर देते, पण भाडं उतरतंच ना.

आणि नुसता कॅमेरा कोण घेऊन जातो? मिनीची बॉडी २.३ किलोची, पण लेन्स, मॅट बॉक्स, मॉनिटर, बॅटरी चढली की खांद्यावर घेणाऱ्याला विचारा. सगळा सेट एका ठिकाणी मिळाला तरच ऑर्डर. सोबत अटेंडंट म्हणून आमचा माणूस, तुम्ही यंत्रासोबत जायचात तसाच, शेवटची पेटी मोजून परत येईपर्यंत. भाड्यावर १८ टक्के जीएसटी, बिल फाडलं की तो भरायचाच, पैसे आलेले असो नसो. एका प्रोडक्शनवाल्यानं आम्हाला चार महिने 'चेक सहीला गेलाय' वर खेळवलं. शेठ तग धरतो, त्याच्याकडं दहा कॅमेरे आहेत. आपण एका कॅमेऱ्यावर काय खायचं?

लेन्सचं वेगळं आहे पण. लेन्स ज्या कड्यात बसते तो पीएल माउंट १९८२ चा, अजून चालतो, अलेक्सा ३५ ला सुद्धा मधी अ‍ॅडॅप्टर टाकला की बसतो. म्हणजे कॅमेरे येतात जातात आणि काच तीच. इंग्लंडमधल्या कुक कंपनीच्या लै जुन्या लेन्सा लोक नव्या धातूच्या नळीत बसवून आजही भाड्यानं नेतात, चेहरा मऊ दिसतो म्हणून. आईच्या पाट्या-वरवंट्यासारखं समजा, मिक्सर तीन झाले, पाटा तोच.

मागच्या मे महिन्यात दौलताबादकडं शूटला आलो होतो ना, तेव्हाचं सांगायचं राहिलं. लेन्स बदलायला ७५ एमएमची काढली आणि वावटळ उठली. मी छत्री सोडून कॅमेऱ्याच्या तोंडावर आधी टोपण लावलं, हातातली लेन्स शर्टात घातली. (आई, तू म्हणायची ओला रुमाल टाक कॅमेऱ्यावर, तसं नाही चालत, त्याला फॅन असतो, हवा कोंडली की अजून तापतो. छत्री पाहिजे. हिरोला नसली तरी कॅमेऱ्याला असतेच.) काच वाचली. पण मुंबईत आल्यावर टेस्टिंग रूममधी फोकसची रिंग कानाजवळ धरून हळूच फिरवली तर एका जागी कर्र... आपल्या मातीचा एक कण. फोटोच्या लेन्सची रिंग चिमूटभर फिरते, हिची लांब आणि लोण्यासारखी फिरायला पाहिजे, नाहीतर फोकस पुलरचा, म्हणजे ती रिंग फिरवून फोकस धरणाऱ्याचा, हात मधीच अडखळतो नि हिरोईनचे डोळे सोडून कान शार्प येतात. ती लेन्स उघडून साफ करायला गेली, आठ दिवस भाडं बुडालं. शेठ बोलला नाही काही, तेच जास्त लागलं.

म्हणून माझा हिशोब असा आहे. आख्खा सेट आपल्या आवाक्यात नाही, पण मी आणि माझा पार्टनर मिळून एक मॅक्रो लेन्स, म्हणजे एकदम जवळून बारीक वस्तू टिपणारी, घेणार आहोत, जुनीच. मसाल्याची, दागिन्याची जाहिरात असली की मॅक्रो लागते आणि मोठ्या दुकानाकडची बाहेर गेलेली असली की ते आमच्यासारख्यांकडून सब-हायरवर घेतात, म्हणजे आमची भाड्यानं घेऊन पुढं भाड्यानं देतात. पैसे पगारातून साठवलेत, जमिनीला हात लावायचा नाही. तुम्हाला पैसे घालायचेच असतील तर विहिरीची मोटार बदला, ती दर उन्हाळ्यात जळते.

खंडेनवमीला इथं कॅमेऱ्यांची पूजा असते, हळदी-कुंकू पेटीला, काचेजवळ मी कोणाला फिरकू देत नाही. ती झाली की रात्रीच्या देवगिरीनं परभणीला येतो. तवर कुठं सही करू नका, बँकेतून फोन आला तर पोरगं येऊ द्या म्हणा.

तुमचा,
बाळू

धपाटे शिळे असले तरी ठेव आई.