अर्जनवीस काकांना, जाहीर आभाराचं पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात, लिंबाखालच्या तुमच्या टेबलावर अजून ‘अर्जनवीस’ हीच पाटी आहे. पुण्या-मुंबईकडे दस्तलेखक म्हणतात; आपल्याकडे निजामाच्या राज्यातला शब्द गेला नाही, आणि जाऊही नये. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत त्या टेबलावरून घरांच्या ज्या रजिस्ट्र्या झाल्या, त्या ज्या रीतीने झाल्या ती रीत कुठल्याच परिपत्रकात सापडत नाही. ती लिहून ठेवावी आणि सगळ्यांसमोर तुमचे आभार मानावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

मार्च २०२० अखेर कार्यालयं बंद झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडली, तेव्हा जो तो ‘ऑफिस कधी पूर्ण सुरू होणार’ एवढंच विचारत होता. तुम्ही मात्र वेगळाच हिशेब मांडलात. रजिस्ट्रीला माणूस समोर लागतो तो कशापुरता? फोटो, अंगठा आणि ‘ही सही माझीच’ एवढं सांगण्यापुरता. मसुदा, मूल्यांकन, चलन, पब्लिक डेटा एंट्री (दस्तातली माहिती आधीच ऑनलाइन भरणं), वेळेची नोंदणी, सातबारा किंवा पीआर कार्ड (मिळकत पत्रिका) यातल्या एकाही कामाला खरेदीदार-विक्रेत्याने रांगेत उभं राहायची गरज नाही. म्हणून तुमच्याकडची माणसं ऑफिसात पाऊल टाकत ती सगळं घरून उरकून, आणि चार जण जात ते चारच: घेणारा, विकणारा आणि दोन ओळखदार. बारशाला आल्यासारखा गोतावळा तुम्ही फाटकाबाहेरच थांबवलात.

डेटा एंट्री तुम्ही दोनदा वाचून घेत होता, आणि त्याला कारण होतं. गट नंबरच्या जागी घर नंबर पडला, किंवा मौजे चुकून शेजारचं निवडलं गेलं, की काउंटरवर दुरुस्ती करावी लागते आणि मिळालेली वेळ हातची जाते. त्या दिवसांत पुढची वेळ कधी मिळेल याचा काही नेम नव्हता. ग्रास या सरकारी भरणा संकेतस्थळावर चलन भरताना जिल्हा आणि कार्यालय बरोबर निवडलंय का, पैसे भरणाऱ्याचं नाव दस्तातल्या पक्षकाराचंच आहे का, हे तुम्ही स्वतः बघत होता. चुकीच्या कार्यालयाच्या नावाने भरलेले पैसे परत मिळवायला अर्ज, खुलासे आणि महिने लागतात. खात्यातून रक्कम गेली पण चलनावर बँकेचा क्रमांक उमटला नाही, तर ‘लगेच दुसऱ्यांदा भरू नका, उद्या सकाळी चलन शोधा’ हा तुमचा सल्ला महिनाअखेरीच्या गर्दीत फार जणांच्या कामी आला.

सवलतीचं गणित तर तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवत होता. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात ३ टक्के सूट, १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ मध्ये २ टक्के. घर ठरलं २४ लाखांना आणि सरकारी मूल्यांकन निघालं २६ लाख, तर शुल्क जास्तीच्या रकमेवर, म्हणजे २६ लाखांवर. सूट पहिल्या टप्प्यात ७८ हजार, दुसऱ्यात ५२ हजार. नोंदणी फी मात्र तीच, १ टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार. त्यात १२ सप्टेंबर २०२० पासून बाजारमूल्याचे नवे दर लागू झाले. राज्याची सरासरी वाढ १.७४ टक्केच, पण महिन्याच्या सुरुवातीला जुन्या दराने चलन काढून सह्या १२ तारखेनंतर केल्या, तर शुल्क कमी पडतं आणि दस्त अडतो. ‘दर सहीच्या तारखेचा लागतो, चलनाच्या नाही’ हे वाक्य तुम्ही त्या महिन्यात किती वेळा उच्चारलं असेल!

मार्च २०२१ अखेर बीड आणि नांदेड जिल्ह्यांत ४ एप्रिलपर्यंत टाळेबंदी लागली, आणि सवलत संपत होती ३१ मार्चला. लोक घाबरले. तुम्ही १९०८ चा नोंदणी कायदा काढून कलम २३ दाखवलंत: सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त हजर करता येतो. म्हणजे ३१ मार्चच्या आत शुल्क भरा, त्याच मुदतीत दस्तावर सह्या करा, आणि हजेरीला जुलैअखेरपर्यंत सवडीने या. चार महिने उलटले तरी कलम २५ खाली आणखी चार महिने असतात, पण दंड नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकतो. तो रस्ता तुम्ही कुणाला धरू दिला नाही. कलम ३४ मधली एक ओळ तर आमच्यातल्या कित्येकांनी नीट वाचलेलीच नव्हती: सगळ्या पक्षकारांनी एकाच वेळी हजर राहायची सक्ती नाही, वेगवेगळ्या दिवशीही येता येतं. सत्तरीच्या आजी सकाळी रिकाम्या ऑफिसात येऊन जायच्या आणि जालन्याचा खरेदीदार दोन दिवसांनी यायचा. ज्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं, त्यांच्यासाठी कलम ३१ खाली घरी येऊन नोंदणी करण्याचा अर्ज.

या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट पुढे आहे, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडचं घर विकायला निघालं की मुलगा निम्म्या वेळा पुण्यात असतो. येता येत नाही, म्हणून मग शेजाऱ्याला किंवा मित्राला कुलमुखत्यारपत्र द्यायचं, असं सगळे सुचवत होते. तुम्ही तिथे दोन प्रकार वेगळे करून दाखवलेत. विकण्याचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, लेकी-नातवंडं अशा जवळच्या नात्यात विनामोबदला दिलं तर ५०० रुपयांच्या मुद्रांकात होतं. परक्याला दिलं तर खरेदीखताएवढं शुल्क लागतं. त्याहून मोठा धोका असा की देणारा वारला की ते पत्र त्याच क्षणी संपतं. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, हा धोका कागदावरचा राहिला नव्हता.

तुमचा मार्ग असा: खरेदीखत पूर्ण टाईप करून कुरिअरने पुण्याला पाठवायचं. मालकाने स्वतः, साक्षीदारांसमोर, प्रत्येक पानावर सही करायची. मग शेजाऱ्याला द्यायचं ते फक्त सही कबूल करण्यापुरतं कुलमुखत्यारपत्र. ते मालक राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर कलम ३३ प्रमाणे साक्षांकित करून घ्यायचं. नोटरीचा शिक्का इथे चालत नाही. याला मुद्रांक ५०० रुपये, मग शेजारी नात्यातला असो वा नसो. मालकाची सही मूळ दस्तावर आहे, म्हणून मधल्या काळात काही बरंवाईट झालं तरी दस्त मरत नाही. कलम ३५ प्रमाणे वारस येऊन ती सही कबूल करू शकतात. अडचण उरते ती वारसांनी नकार दिला तरच. मुखत्यारधारकाने द्यायचं घोषणापत्र, की मालक हयात आहे आणि पत्र रद्द केलेलं नाही, ते भरण्याआधी तुम्ही सकाळीच मालकाला व्हिडिओ कॉल लावायला सांगत होता. काहींना ते अशुभ वाटलं. वाटू द्या, आमच्या मते तो कॉल फार महत्त्वाचा होता.

बहिणींच्या सह्यांबाबत तुम्ही पूर्वीपासूनच कडक. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सांगितलं की वडील २००५ च्या कायदादुरुस्तीआधी वारले असले तरी मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जन्मापासूनचा आहे. ‘नगरपालिकेच्या टॅक्स पावतीवर फक्त भावाचं नाव आहे’ असं म्हणत येणाऱ्यांना तुम्ही परत पाठवलंत. टॅक्स पावती म्हणजे मालकी नव्हे. बहिणीला खरंच वाटा नको असेल तर हक्कसोडपत्र करा, वडिलोपार्जित मिळकतीला तेव्हा २०० रुपयांच्या मुद्रांकात ते होत होतं. पण तेही नोंदणी करूनच, आणि तिला समजावून.

इसारपावतीत तुम्ही दोन वाक्यं वाढवलीत. शासनाच्या आदेशाने कार्यालय किंवा प्रवास बंद असेल ते दिवस मुदतीत धरायचे नाहीत. आणि हा करार दोन्हीकडच्या वारसांवर बंधनकारक राहील. साधी वाटतात, पण ती नसलेल्या पावत्यांचे तंटे अजून चालू आहेत. इसार रोखीत २० हजार किंवा त्याहून जास्त घ्यायचा नाही, बँकेतून द्यायचा आणि यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक दस्तात लिहायचा. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास झालं, तेव्हापासून सह्यांच्या टेबलावरच रक्कम पोचल्याचा मेसेज बघता येऊ लागला. ५० लाख आणि वरच्या घराला टीडीएस (घेणाऱ्याने कापून भरायचा आयकर) १४ मे २०२० ते ३१ मार्च २०२१ या काळात १ टक्क्याऐवजी ०.७५ टक्के होता. तालुक्याला असे व्यवहार कमी, पण लातूर-औरंगाबादला लागले.

कर्ज असलेलं घर विकताना बँकेचं थकबाकीचं पत्र आठवड्याच्या आतलं हवं, हा तुमचा आग्रह. मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवायची मुभा होती, व्याज थांबलं नव्हतं. १० लाख बाकी आणि साडेआठ टक्के दर धरला, तर सहा महिन्यांत मुद्दलात सुमारे ४३ हजारांची भर पडते. नंतर सरकारने परत केलं ते व्याजावरचं व्याज, म्हणजे यात साडेसातशेच्या आसपास. फेब्रुवारीतल्या आकड्यावर सौदा ठरवलेल्या विक्रेत्यांना हा फरक खिशातून भरावा लागला.

आणि बाँडवरची गुंठेवारी. ऑफिस बंद आहे तर १०० रुपयांच्या बाँडवर लिहून घेऊ, नोटरी करू, ताबा देऊ, असं म्हणणारे त्या काळात पैसे हातात घेऊन आले आणि तुम्ही एकही लिहिला नाही. १०० रुपयांच्या वरच्या स्थावर मिळकतीची मालकी नोंदणीशिवाय जात नाही, हा नियम साथीने बदलला नव्हता. पुढे १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांची नोंदणी थांबली. ते औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ ला रद्द केलं. मधल्या काळात बाँडवाल्यांच्या हाती होतं ते एक सही केलेलं पान. तुमचं त्या वेळचं उत्पन्न किती बुडालं ते आम्हाला दिसत होतं. सिडकोच्या घरांनाही तोच कडकपणा: भाडेपट्ट्याची मिळकत आहे, आधी हस्तांतरणाची परवानगी, मग खरेदीखत.

ऑफिसच्या आतल्या बारीक गोष्टीही तुमच्याच. सॅनिटायझर लावल्या लावल्या अंगठा ठेवला तर ओल्या कातडीचा ठसा उमटत नाही, रुमालाने कोरडा करा. शेतात राबलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, दुसरं बोट वापरू द्या म्हणून आधीच सांगा. मास्क फोटोपुरताच खाली. पेन ज्याचा त्याचा.

सामान हलवणं हे खरं तर तुमचं काम नव्हे, तरी लोक तुम्हालाच विचारत. मालवाहू गाडीला पास लागत नाही, पण गाडीत दोन चालक आणि एक मदतनीस एवढीच परवानगी, घरची माणसं हौद्यात बसवायची नाहीत. त्यांना वेगळी गाडी आणि पोलिसांचा ई-पास. २ सप्टेंबर २०२० ला पास गेला, एप्रिल २०२१ अखेर परत आला. ज्वारीची वर्षाची पोती केबिनच्या मागे, तळाला. कपाट उभं, दारं दोरीने बांधून. इन्व्हर्टरची बॅटरी कधीही आडवी नाही. गावाबाहेर जाणाऱ्याने गॅस सिलिंडर एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्यायचं. विजेच्या मीटरचा फोटो ताबा देताना, तारखेसह, दोघांच्या मोबाइलमध्ये: २०२० च्या उन्हाळ्यात रीडिंग बंद होतं, बिलं सरासरीने आली आणि जूनमध्ये एकदम थकलेला आकडा पडला. फोटो होता तिथे कुणी किती भरायचं यावर वाद झाला नाही. व्हिडिओवर घर बघणाऱ्यांना तुम्ही सांगत होता की आधी बोअर चालू करून दाखवायला लावा, तेही मे महिन्यात. श्रावणात मराठवाड्यातलं कुठलंही बोअर पाणी देतं.

या सगळ्या सूचनांची तुमच्या हातची जी दोनपानी यादी आहे, तिचं आम्ही टायपिंग करून घेतलं आहे, कलमांसकट. एक प्रत या पत्रासोबत आहे. २०० रुपयांचा आणि ५०० रुपयांचा आकडा त्या काळातला आहे, आजचा आकडा बाजूला लिहायला जागा सोडली आहे. चूक दिसली तर नेहमीसारखी लाल पेनने खूण करून मुलाकरवी पाठवा, म्हणजे पुढची प्रत ऑफिसच्या भिंतीवर लावता येईल.

आपले,
तहसील आवारातले काही वकील आणि बँकांसाठी सर्च रिपोर्ट करणारे