संजू, काकांचा कॉम्प्युटर फॉरमॅट करू नकोस

कराड,
रविवार रात्र

प्रिय संजू,

काल फोनवर तू सहज बोलून गेलास की येत्या शनिवारी काकांचा जुना कॉम्प्युटर दुकानात नेऊन फॉरमॅट मारून घेणार, आईला त्यावर भजनं आणि व्हिडिओ कॉल लावून देणार, आणि मी तेव्हा गाडी चालवत होतो म्हणून फक्त हो हो केलं. पण घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. नको करूस रे. आईचं काम होईल, पण त्यासाठी काकांचं काही पुसायची गरज नाही. फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही म्हणून लिहितोय.

काकांनी तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत त्याच मशीनवर टाइप केलाय ना? पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फाँटमध्ये. त्या फाइल कॉपी करून ठेवल्या की झालं असं तुला वाटत असणार, पण तसं नाहीये. तो फाँट युनिकोडच्या (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची हल्लीची जागतिक पद्धत) आधीचा आहे, म्हणजे फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, त्यांना मराठी रूप तो फाँट देतो. फाँट नसेल तर काकांचं अख्खं पान कंस, टिंबं आणि उलटसुलट अक्षरांचा ढिगारा दिसतं. त्यात पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन 2001 चं, नवीन मशीनवर त्याचा भरवसा नाही.

आमच्याकडे हेच झालं म्हणून एवढं कळवळून सांगतोय. बाबांचं पत्रिकांचं काम तुला माहितीये. आधीचं मशीन स्लो झालं म्हणून एका दुकानात दिलं, त्यांनी न विचारता सगळं पुसून नवीन विंडोज टाकून दिलं. लग्नपत्रिका, मुंजी, जत्रेची हँडबिलं, अकरा वर्षांचं काम गेलं. बाबा काही बोलले नाहीत, नुसते टेबलापाशी बसून राहिले. ते बघितल्यावर मी ठरवलं की दुसऱ्या मशीनला असा हात लागू द्यायचा नाही.

ते दुसरं मशीन 2010 चं, कोअर टू ड्युओ, 320 जीबी हार्डडिस्क, विंडोज 7. मागे 25 पिनांचा पॅरलल पोर्ट आहे, त्यात डीटीपी (पानं जुळवायच्या) सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे त्याची चावीच, खोचलेला, आणि त्या डोंगलच्या पाठीत प्रिंटरची केबल. डोंगल काढला की सॉफ्टवेअर उघडत नाही. हल्लीच्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नसतो, त्यामुळे ते मशीन बदलता येत नाही आणि ते विंडोजही काढता येत नाही. पण विंडोज 7 चे सिक्युरिटी अपडेट 14 जानेवारी 2020 ला बंद झाले, क्रोमनंही 2023 च्या सुरुवातीला त्याला सोडलं, मग बँकेच्या साइट धड उघडेनात. त्यावर विंडोज 11 टाकू म्हणशील तर त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ती या मशीनमध्ये नाही.

म्हणून मी दोन्ही ठेवलं. विंडोज 7 जसं आहे तसं, त्याचं नेट कायमचं बंद, ते फक्त पत्रिकांसाठी. आणि शेजारी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच एक फुकट सिस्टिम, तिचं एक्सएफसीई नावाचं रूप, ते हलकं आहे, 4 जीबी रॅमवर आरामात चालतं (आमच्यात 2 होती, मी वाढवली). मशीन चालू केलं की एक मेन्यू येतो, त्यात काय पाहिजे ते निवडायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी बॅकअप. एक्स्टर्नल हार्डडिस्क आण आणि डी ड्राइव्ह पूर्ण कॉपी कर, डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्सही कर, आणि सी मधल्या विंडोज फोल्डरमधला फाँट्सचा फोल्डर विसरू नकोस, लोक नेमका तोच विसरतात. शिवाय पेजमेकरमधून प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ काढून ठेव, कारण पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो, ती कुठेही उघडली तरी काकांची अक्षरं जशीच्या तशी दिसतात. हे झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

मग जागा करायची. मी इथेच दोन संध्याकाळ अडकलो होतो. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कवर, म्हणजे एमबीआर वाल्या, फक्त चार प्रायमरी पार्टिशन, म्हणजे मुख्य कप्पे, बसतात. आमच्या डिस्कवर विंडोजचं 100 एमबीचं सिस्टिम रिझर्व्हड, मग सी, डी, ई, झाले की चार. डिस्क मॅनेजमेंटमधून ई लहान करून मी 60 जीबी मोकळी केली आणि मिंटचा इन्स्टॉलर म्हणतो ही जागा वापरता येत नाही. तिकडे विंडोजमध्ये त्या जागेवर नवीन पार्टिशन करायला गेलो तर ते म्हणतं डिस्क डायनॅमिक करू का. तिथे हो म्हणू नकोस, डायनॅमिक झाली की लिनक्स बसवणं फार किचकट होऊन बसतं. शेवटी मी ई मधली गाणी आणि फोटो एक्स्टर्नलवर टाकले, ई पूर्ण डिलीट केली, आणि तिच्या जागी मिंट बसवलं. सी आणि डी ला बोटही लावलं नाही.

बाकी सोपं आहे. मिंटची फाइल तीनेक जीबीची, रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामनं पेनड्राइव्हवर टाकायची. जुन्या बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) पेनड्राइव्ह बऱ्याचदा हार्डडिस्कच्या यादीत लपलेला असतो, तिथे शोध. आधी इन्स्टॉल न करता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघ, वायफाय, आवाज, आईचा वेबकॅम सगळं चालतंय ना, मगच पुढे. इन्स्टॉलर विचारतो, इरेज डिस्क की समथिंग एल्स. इरेजवर चुकूनही क्लिक नको. समथिंग एल्समध्ये जाऊन ती मोकळी जागा निवड, आणि बूटलोडर, म्हणजे तो सुरुवातीचा मेन्यू दाखवणारा प्रोग्राम, पूर्ण हार्डडिस्कवर टाक, पेनड्राइव्हवर नाही. विंडोज आधीपासून आहे आणि लिनक्स नंतर येतंय, हा क्रम बरोबर आहे, उलटं केलं तर विंडोज मेन्यूच पुसून टाकतं.

एक गोष्ट घडेल तेव्हा घाबरू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाबांनी विंडोज चालू केलं तर घड्याळात साडेचार. मशीनची बॅटरी गेली म्हणून ते नवीन सेल आणायला निघाले होते. बॅटरी ठीक होती. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. मिंटमध्ये एक ओळीची कमांड आहे, ती दिली की दोघांचं जमतं, तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.

आणि मिंटमधून डी ड्राइव्ह सरळ उघडते, म्हणजे तू काढलेल्या पीडीएफ आईला तिथेच वाचता येतील. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी घ्यायचं, फोनेटिक पण आहे. मला वाटतं कुलवृत्तांत तू हळूहळू युनिकोडमध्ये आणावास. काका 1990 नंतरच्या पिढीची माहिती गोळा करत होते ना, आमच्याकडे यायचे तेव्हा वही घेऊनच यायचे, माझ्या बाबांनाही मामांकडची नावं विचारून गेलेले.

शनिवारी दुकानात जाऊ नकोस. मी सकाळच्या गाडीनं येतो, पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क माझी आणतो. तू फक्त मशीनच्या मागे बघून ठेव, डोंगल लावलेला आहे का, आणि नसेल तर काकांच्या कपाटातल्या खणात शोध, काडेपेटीएवढा असतो, दोन बाजूंना स्क्रू. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अव्या