टायरची पकड आणि कडक हवेचा हट्ट

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की पुण्याच्या आसपासच्या डोंगरवाटांवर माउंटन बाइक घेऊन जाणारे बरेच जण दिसू लागतात. उतारावर कुणी घसरून पडले, की दोष वाटेला दिला जातो, नाहीतर ब्रेकला. टायरकडे, आणि त्याहीपेक्षा टायरमधल्या हवेकडे, सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्याविषयी अनुभवाचे चार शब्द लिहीत आहे.

गेल्या ऑक्टोबरात एका साध्या वळणावर मी असाच आपटलो. सकाळीच एका दुकानात हवा भरून घेतली होती आणि दुकानदाराने अंगठ्याने टायर दाबून ‘एकदम टाइट केलंय, साहेब’ असे समाधानाने सांगितले होते. सोललेले कोपर घेऊन घरी आल्यावर मित्राच्या गेजने, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या साधनाने, मोजून पाहिले, तर पुढच्या चाकात ५२ पीएसआय (दाबाचे एकक) हवा निघाली. टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आतच ती होती, त्यामुळे दुकानदाराचे काही चुकले असे त्याला वाटणे शक्यच नव्हते. परंतु तो आकडा ओलांडू नये म्हणून छापलेला असतो, गाठावा म्हणून नव्हे. माझे वजन ६८ किलो, टायर २.२५ इंची आणि आत ट्यूब. पुढे २६ आणि मागे २९ पीएसआय हवा ठेवून आठवड्याने त्याच वळणावर गेलो, तेव्हा पूर्वी खड्यांवरून उसळणारा टायर तेच खडे पोटात घेत वळला. याहून फार खाली गेल्यास दगडाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप डसावा तशी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. ट्यूबलेस टायरला ही भीती नसल्याने त्यात आणखी थोडी हवा कमी करता येते.

हवेची बाब निस्तरली, की मग बटणांचा, म्हणजे टायरवरच्या रबरी उंचवट्यांचा, विचार करावा. आपल्याकडच्या वाटांवर कठीण काळ्या खडकावर मुरमाचा पातळ थर असतो, म्हणजे फरशीवर ज्वारी सांडावी तसा. तिथे फार उंच आणि विरळ बटणांचा उपयोग कमी. मध्यभागी बुटकी, जवळजवळ बसवलेली आणि दोन्ही कडांना मात्र ठसठशीत, धारदार बटणे असलेला टायर वळणावर धरून ठेवतो, कारण सायकल कलली की सगळा भार त्या कडेच्या रांगेवरच येतो. पावसाळ्यातल्या काळ्या मातीचा हिशेब नेमका उलटा आहे. तिथे बटणांमध्ये मोकळी जागा नसेल, तर दहा-वीस फुटांतच टायरचा लाडू होतो. त्यातून ‘जितका रुंद तितका चांगला’ हा सल्ला ऐकून २.४ इंची टायर बसवला असेल, तर तो लाडू पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये अडकून चाकच फिरेनासे होते. शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र कोणतीच नक्षी फारशी कामाला येत नाही. तिथे जी काही पकड मिळते ती रबराच्या मऊपणातून, आणि मऊ रबर डांबरी रस्त्यावर लवकर झिजते, हेही ध्यानात ठेवावे. घरापासून डोंगरापर्यंत पंधरा किलोमीटर सायकल चालवतच जाणाऱ्याने मागच्या चाकाला मऊ रबराचा टायर घालणे म्हणजे पैसे रस्त्यावर घासणे होय.

दोन्ही टायर एकाच प्रकारचे असावेत, असाही एक समज आहे. मागचे चाक घसरले तर बहुतेक वेळा सावरता येते. पुढचे घसरले की सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून खिशात एकाच टायरचे पैसे असतील, तर अधिक पकडीचा नवा टायर पुढे घालावा आणि पुढचा, अजून गोटा झालेला नसल्यास, मागे लावावा. टायर आणताना जुन्या टायरच्या कडेवरचा ‘५७-६२२’ यासारखा आकडा टिपून घ्यावा. पहिली संख्या रुंदीची आणि दुसरी रिमला बसणाऱ्या व्यासाची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २९ इंची चाकाला ६२२ लागतो आणि साडेसत्तावीसला ५८४, त्यामुळे इंचांच्या गोंधळात चुकीचा टायर गळ्यात पडत नाही. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाणही पाहावा. माझ्या मित्राचा टायर वर्षभर उलटा फिरत होता.

सायकल दुकानदारांना आपल्या दैनिकामार्फत एक विनंती करावीशी वाटते. माउंटन बाइकमध्ये हवा भरण्यापूर्वी ग्राहक ती डांबरी रस्त्यावर चालवणार आहे की डोंगरात, एवढे विचारावे, आणि अंगठ्याऐवजी गेज वापरावे.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, पुणे