सफारीचे शॉकअप बदललेत, आणि आणखी एक ठरवलंय

देवरुख, रविवार

ती. बाबा आणि आई,

सा. नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा, तुम्ही दोन वाक्यं ऐकता आणि "हं, आईशी बोल" म्हणून फोन पुढे करता. आणि आई, तू मधलंच एखादं वाक्य धरून रात्रभर काळजी करत बसतेस. म्हणून लिहितेय. ताईला सांगून ठेवलंय, दुपारचा चहा झाला की पत्र हातात दे. पूर्ण वाचून होईपर्यंत मला फोन करायचा नाही.

सफारीचे चारही शॉकअप मी बदलले. घरीच, आपल्या खळ्यात. काम झालंय, गाडी साखरप्यापर्यंत फिरवून आणलीय, माझे हातपाय शाबूत आहेत. आई, आता पुढचं वाच.

बाबा, हे काम तुम्ही करणार होतात, मला माहीत आहे. गणपतीत तुम्ही पुढच्या मडगार्डवर जोर देऊन गाडी हलवून बघत होतात, ते मी पडवीतून बघितलं. हात काढल्यावर गाडीने एकदा वर येऊन गप बसायला हवं; ती आपली डुलतच राहिली. तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. पण संध्याकाळी पाने काढून, पुसून, नंबराप्रमाणे परत पेटीत लावलेत. तेव्हाच मी ठरवलं की सांगलीला तुम्ही ताईकडे जाल तेव्हा आपण रजा टाकून यायचं. छातीत स्टेंट घेऊन माणसाने गाडीखाली उताणं पडायचं आणि गंजलेल्या बोल्टाला पाइप लावून हिसके द्यायचे, हे मला चालणार नव्हतं. आधी विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "थांब, मी येतो, मग दोघं मिळून करू." दोघं मिळून म्हणजे तुम्ही खाली आणि मी बॅटरी धरून उभी. ते लहानपणी ठीक होतं.

दादाचं म्हणणं तुम्हाला माहीतच आहे: गाडी काढून टाका, छोटी ऑटोमॅटिक घ्या. त्याचं काही चुकत नाही. पण छोट्या गाडीत आईला खाली वाकून बसावं लागतं आणि उठताना मणक्यावर ताण येतो. सफारीत ती ताठ बसते. शिवाय 2024 साली आरटीओत खेटे घालून, हरित कर भरून तुम्ही पाच वर्षांचं नूतनीकरण करून आणलंत ते काय विकायला? आणि खरं सांगू, 1998 ला पहिली सफारी रस्त्यावर दिसली तेव्हापासून 2009 ला आपली घेईपर्यंत तुम्ही कशी कळ काढलीत ते आम्ही तिघांनी बघितलंय. ती गाडी काढायचा विषय घरात निघू नये एवढंच मला वाटतं. नवीन गाडीच्या एका हप्त्यापेक्षाही कमी पैशात हे काम झालं. पैसे मी दिलेत, त्यावर बोलायचं नाही.

गॅरेजमध्ये का नाही दिली, हे तुम्ही विचारणारच. गेले होते. तिथला पोरगा म्हणाला, मागचा डावा गळतोय, तेवढाच बदलू. एका ॲक्सलवर एक नवा आणि एक जुना! तुम्ही एसटीच्या डेपोत असं कोणाला करू दिलं असतंत का? मी सरळ गाडी वळवून घरी आणली.

आई, तुला शॉकअप म्हणजे काय ते नीट सांगते, म्हणजे मी उगाच खर्च केला असं तुला वाटायला नको. गाडीचं ओझं स्प्रिंग पेलतात, शॉकअप नाही. खड्डा आला की स्प्रिंग दबतो आणि उसळतो, आणि एकटा असला तर उसळतच राहतो. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि दांड्याच्या टोकाला बारीक भोकांचा दट्ट्या. होळीच्या पिचकारीत पाणी जसं बारीक भोकातून जोर लावूनच बाहेर पडतं, तसं ते तेल इकडून तिकडे जाताना अडतं, आणि उसळीचा जोर त्या अडण्यात जिरून जातो. तेल थोडं तापतं, बस. आपल्या चौघांपैकी दोघांचं तेल गळून गेलं होतं, उरलेले नावापुरते होते. म्हणून मलकापूरच्या अलीकडे, जिथे चौपदरीकरणाचं खोदकाम चालू आहे, तिथे तू दरवाजाच्या वरची दांडी दोन्ही हातांनी धरून बसायचीस. डॉक्टर म्हणाले की मणक्याला हिसका बसता कामा नये, आणि आपण तुला दर वेळी त्याच गाडीतून त्याच डॉक्टरांकडे नेत होतो. हे मला पुण्यात बसून सहन होत नव्हतं. तुमच्याजवळ राहून रोज काही करता येत नाही, निदान हे तरी.

आता बाबांसाठी. तुम्ही प्रश्न विचारणार, त्याआधीच उत्तरं देते.

गाडी चिऱ्यांवर चढवली नाही. तुमची शपथ. जांभा दिसतो दणकट, पण असा भार एका कडेवर आला की फुटतो, हे तुम्हीच सांगितलेलं. नानांच्या ओळखीतून लोखंडी घोड्या आणल्या, खाली जाड फळ्या टाकल्या, कारण पावसाळ्यानंतर खळं अजून मऊच आहे. चिरे लावले ते फक्त पुढच्या चाकांना, दोन्ही बाजूंनी. मागचा भाग उचलला की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निकामी, कारण दोन्ही मागच्याच चाकांना धरतात. हे नानांच्या धाकट्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "ताई, गिअरमध्ये टाकलीय, काही होत नाही." मी त्याला आधी चिरे आणायला पाठवलं आणि मग पुढचं बोलले. तुमचा आवाज आला म्हणे माझ्या तोंडून.

मागे ॲक्सलखाली दुसरा जॅक ठेवूनच बोल्ट सोडले. शॉकअप निघाला की ॲक्सल खाली लोंबतो, कॉइल, म्हणजे वेटोळ्याचा स्प्रिंग, जागेवरून सुटू शकतो आणि ब्रेकची नळी ताणली जाते. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आहे, कॉइल नाही, म्हणून तर घरी करायची हिंमत केली. कॉइल दाबून धरायची भानगड असती तर मी हात लावला नसता. गंज मात्र आपल्या कोकणचा, खास. आदल्या रात्री सगळ्या नटांवर तेल मारून ठेवलं होतं, तरी मागचा उजवा खालचा बोल्ट हलेना. पाइप लावला, नानांचा धाकटा लोंबकळला, मी लोंबकळले, तेव्हा एक कुरकुर आवाज आला. तो आवाज ऐकून मला एवढा आनंद झाला की काकू बाहेर येऊन बघून गेल्या. पुढे वरचा नट फिरवला की आतला दांडाही फिरतो, म्हणून दांडा बारीक पान्याने वरच्या टोकाला धरला. पक्कड लावली नाही! दांड्याच्या गुळगुळीत भागाला ओरखडा गेला की सील फाटतं, हे डोक्यात पक्कं आहे. नवे शॉकअप बसवण्याआधी उभे धरून खालीवर दाबून आतली हवा काढली. आणि खालचे बोल्ट हातानेच लावून, गाडी जमिनीवर उतरवून, चाकांवर वजन आल्यावर मग शेवटची आवळ दिली, ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने. लोंबत्या चाकावर आवळलं की रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत जखडतो आणि लवकर फाटतो. हेही तुमचंच.

तुमच्या पेटीतला चौदा-पंधराचा पाना वापरला. त्याच्या दांड्यावर तुम्ही दापोडीच्या ट्रेनिंगच्या वेळी कोरलेलं नाव अजून वाचता येतं. लहानपणी तुम्ही "बारा-तेरा दे" म्हटल्यावर मी चौदा-पंधरा द्यायचे आणि तुम्ही काही न बोलता तो बाजूला ठेवून पुन्हा हात पुढे करायचात. एकदाही ओरडला नाहीत. काम झालं की रॉकेलने हात धुवायचे, मग साबणाने, मग माझेही तसेच धुवायचे, माझे काळे झालेले नसले तरी. काल घरात रॉकेल नव्हतं. डिझेलने धुतले. मग न्हाणीत चुलीवरच्या पाण्याने आंघोळ केली आणि ओटीवर तुमच्या जागी जरा आडवी झाले.

आई, तुझ्या सोयीचं. मधल्या सीटवर डावीकडे तुझी जागा केलीय. कमरेला टेकायला पातळ उशी शिवून घेतली, जाड नको, जाडीने पुढे ढकलली जातेस. दरवाजाशी चढायला लाकडी पाट ठेवलाय, खाली रबर ठोकलंय, घसरणार नाही. पाट मागच्या सीटखाली राहील. पाण्याची बाटली, तुझा पट्टा, आल्याच्या वड्या उजव्या कप्प्यात. टायरमध्ये हवा कंपनीने दरवाजावर लिहिली आहे तेवढीच भरलीय. पंपावाला "रस्ता खराब आहे, कमी ठेवू" किंवा "लोड आहे, जास्त भरू" म्हणाला तरी ऐकायचं नाही. मी पाली फाट्याकडच्या त्या भयंकर गतिरोधकावरून मुद्दाम गेले नाही, पण हायस्कूलसमोरच्यावरून गेले. गाडी एकदा उठली आणि बसली. पाठीमागे ठेवलेला पाण्याचा तांब्या हिंदकळला, सांडला नाही.

आता ती दुसरी गोष्ट. बाबा, शांतपणे वाचा.

आईच्या डॉक्टरांकडच्या, कोल्हापूरच्या फेऱ्यांसाठी मी ड्रायव्हर ठरवलाय. आपल्याच आगारातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, आंबा घाटात रातराणी चालवलेले. तुम्हाला "साहेब" म्हणतात, मी नाव सांगत नाही, दारात आले की ओळखालच. महिन्याचे पैसे मी परस्पर देणार आहे. साखरप्याच्या पुढे स्टिअरिंग त्यांच्याकडे. देवरुखात, बाजारात, मार्लेश्वरला, उजेडी, तुम्हीच चालवायची. लायसन्सही वेळेवर नूतनीकरण करायचं. ते कोणी काढून घेत नाहीये.

तुम्हाला चालवता येत नाही म्हणून नाही हो. घाटात तुम्ही उतारावर खालच्या गिअरवर गाडी कशी सोडता, ब्रेकला पाय न लावता, ते मी अजून शिकतेय. पण परतताना अंधार पडतो, समोरच्या ट्रकचे दिवे तुमच्या डोळ्यावर येतात, तुम्ही डोळे बारीक करता आणि आईला सांगता की धूळ गेली. आईने मला सांगितलं नाही, मी तुमच्या शेजारी बसले होते. आणि तुम्ही पुढे असलात की आईला पाठीमागे काही दुखलं तरी ती बोलत नाही, तुमचं लक्ष विचलित होईल म्हणून. तुम्ही तिच्या शेजारी बसलात तर ती बोलेल. हे एकच कारण पुरेसं आहे असं मला वाटतं. बाकीची सगळी उगाच लिहिली.

दादाला आणि ताईला सांगून झालंय, दोघांची हरकत नाही. म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे दाद मागू नका.

आल्यावर करायचं ते सांगते. जुने चारही शॉकअप मागच्या पडवीत ठेवलेत, तुम्ही बघितल्याशिवाय भंगारात घालणार नाही. बसून बघा, उचलू नका. मागच्या डाव्याचा दांडा आत दाबा. तिथेच राहतो, परत येतच नाही. थोडं चालवल्यावर नट पुन्हा एकदा आवळून बघावे लागतील, ते करायला नानांचा धाकटा येईल, मी त्याला शिकवलंय. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि सांगा. गाडीखाली जायचं नाही. "जरा वाकून बघतो" हेसुद्धा नाही. अलाइनमेंट रत्नागिरीत करून घ्यायची, ते ड्रायव्हरकाकांना सांगितलंय. पुढच्या टायरांना आतल्या बाजूने खळगे पडलेत, जुन्या शॉकअपमुळे. त्यामुळे थोडा घरघर आवाज येईल, तो नव्या शॉकअपचा नाही. तेव्हा मला फोन करून "तू बसवलेलं वाजतंय" म्हणू नका.

आई, सांगलीत गोळ्या वेळेवर घे, कॅल्शियमची जेवणानंतर. ताईकडे चकल्या तळायला उभी राहू नकोस. बाबांना रात्री भात कमी. घर झाडून-सारवून ठेवलंय, कुळथाचं पीठ नवीन दळून आणलंय, मेतकूट डब्यात आहे. मी मंगळवारी पुण्याला निघतेय.

तुमची,
धाकटी

ता. क. गाडीची दुसरी चावी ड्रायव्हरकाकांकडे दिली आहे. बाबा, ती मागून घेऊ नका.