कातड्यावरचे केस, विकरे आणि ‘रसायनमुक्त’ हा शब्द

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

चामडे कमावताना कातड्यावरचे केस काढण्यासाठी जिवाणूंपासून मिळवलेली विकरे, म्हणजेच एन्झाइम, वापरण्याच्या पद्धतीचे कौतुक होते ते योग्यच आहे; मात्र तिला सरसकट ‘रसायनमुक्त’ म्हटले जाते, त्याबद्दल हे पत्र.

प्रचलित पद्धतीत कातडी चुना आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात घोळवतात. सल्फाइडमुळे केसांच्या केरॅटिन या प्रथिनातील गंधकाचे दुवे तुटतात, केसांचा लगदा होतो आणि तो सांडपाण्यात जाऊन त्यातील सेंद्रिय भार वाढवतो. त्याहून घातक म्हणजे, हे पाणी पुढच्या टप्प्यातील आम्लयुक्त पाण्यात मिसळले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढताच घ्राणशक्तीच बधिर होते, आणि सफाईसाठी उतरलेल्या कामगाराला वाटते की वास गेला म्हणजे धोका टळला. सल्फाइड कमी करण्यासाठी मला हे एकच कारण पुरेसे वाटते.

बॅसिलस सबटिलिससारख्या जिवाणूंची प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारी, विकरे केस विरघळवत बसत नाहीत. ती केसाच्या मुळाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर काम करतात. त्यामुळे केस अखंड सुटतो आणि गाळून वेगळा काढता येतो. ही कल्पना तशी जुनीच. पूर्वी ओलसर, उबदार खोलीत कातडी टांगून ठेवत, तेव्हाही केस सैल करणारे जिवाणूच असत. ते कुठे थांबतील याचा मात्र नेम नसे. (केस काढल्यानंतर कातडे मऊ करायला कुत्र्याची विष्ठा वापरली जाई, तिच्याऐवजी स्वादुपिंडातील विकरे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओट्टो रोम यांनी १९०७च्या सुमारास बाजारात आणली.)

थांबण्याचा प्रश्न आजही आहे. कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन हेही प्रथिनच, म्हणून कोलॅजेन तोडणारे विकर मिश्रणात जवळजवळ नसावे लागते. एरवी निरुपद्रवी ठरणारे मिश्रणसुद्धा तापमान किंवा वेळ जास्त झाल्यास वरचा गुळगुळीत थर खाते. अंगठ्याने रेटल्यावर केस निसटतो का, हे अनुभवी कारागीर अधूनमधून तपासतात ते यासाठीच; खराब झालेला थर पुन्हा येत नाही. शिवाय चुना कातड्यातील तंतूही मोकळे करतो. ते काम राहू नये म्हणून अनेक ठिकाणी विकरांसोबत थोडा चुना, कधी थोडे सल्फाइडही वापरतात. पुढची क्रोमची प्रक्रिया, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे टिकाऊ करणे, तर जशीच्या तशी राहते. विकरांची भुकटी श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा त्रास होऊ शकतो, हा आणखी एक मुद्दा.

तेव्हा ‘सल्फाइड कमी करणारी पद्धत’ एवढेच म्हणावे. अशा तंत्राची बातमी देताना किती सल्फाइड उरले, चुना वापरला का आणि गाळून काढलेल्या केसांचे पुढे काय केले, हे तीन प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी आवर्जून विचारावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक